पॉल जेवत नव्हता

इतरांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, सरांच्या खिशात थर्मामीटर असायचा. तापाचा नव्हे, हवेचा. कुठेही गेले की नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी तो बाहेर निघायचा, थोडा वेळ हवेत धरला जायचा आणि मग त्या जागेबद्दल, तिच्या मालकाबद्दलही, सरांचं कायमचं मत तयार व्हायचं. माणसांची नावं ते विसरत, आकडा विसरत नसत. "दुबईच्या देऱ्यातले ते सोनार ना? भला माणूस. एकोणीस." किंवा, "हा नवा पर्चेस मॅनेजर काही टिकायचा नाही. सव्वीसवर बसतो, आणि त्याला कळतही नाही."

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमची लहानशी एसीची कंपनी होती. सर तिथे चीफ इंजिनियर आणि मी त्यांच्या हाताखाली डक्टची ड्रॉइंग्ज काढणारी, सांगलीहून नुकतीच आलेली मुलगी. बाहेर गॅरेजं, वेल्डिंगच्या ठिणग्या, पत्र्यांचा खणखणाट आणि अंगाची काहिली. आत आमच्या ऑफिसात बोटं इतकी आखडत की पेन्सिल धरवत नसे. मेकॅनिक लोक पाठीमागे त्यांना 'बर्फसाब' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, आवडायचंही.

त्यांचं एक ठाम म्हणणं होतं की जगातली सगळी भांडणं उकाड्यातून होतात. नवरा-बायको घ्या, सासू-सून घ्या, दोन देश घ्या. "आधी खोली अठराला आणा, मग बोलायला बसा," ते म्हणत. "निम्मं भांडण थर्मोस्टॅटच मिटवतो."

एकदा आमच्या अकाउंटंटचे वडील गावी वारले म्हणून आम्ही सगळे त्याच्या घरी भेटायला गेलो. बायका डोळे पुसत होत्या, पुरुष खाली माना घालून बसले होते. सर एकटे वर बघत होते. जरा वेळाने ते उठले. मला वाटलं, आता त्याच्या खांद्यावर हात ठेवतील. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढून एसीचा फिल्टर काढला आणि बाथरूममध्ये नेऊन नळाखाली धुतला. ओला फिल्टर हातात घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "किती धूळ होती रे." बातमी आल्यापासून कोरडा बसलेला तो माणूस तेव्हा हमसून रडायला लागला. नंतर तो मला म्हणाला, "धीर धर म्हणायला खूप जण आले. काम कुणी केलं तर सरांनी."

मला राहायला जागा हवी होती आणि सरांची एकुलती मुलगी इंजिनियरिंगला पुण्याला निघाली होती. तिची खोली मला पेइंग गेस्ट म्हणून मिळाली. ऑफिसात सर आणि घरी काका म्हणायचं असं ठरलं होतं, पण माझ्या तोंडात शेवटपर्यंत सरच राहिलं. काकूंना मात्र मी पहिल्या दिवसापासून काकू म्हणत आले.

काकू पहिल्यांदा दिसल्या त्या स्वेटरमध्ये. जुलै महिना होता, रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं. दार उघडलं ते लोकरी स्वेटर, पायांत मोजे, डोक्याला स्कार्फ अशा बाईने. मी घाबरून विचारलं, "बरं नाही का?"

"बरी आहे गं," त्या म्हणाल्या. "मी इथंच राहते."

त्या घरात तूप चमच्याने खरवडून काढावं लागे. दही लागतच नसे, म्हणून विरजणाचं भांडं बाल्कनीत ठेवायचं. काकू भाजी बाल्कनीत निवडत, केस बाल्कनीत वाळवत, दुपारी पेपरही तिथेच वाचत. सरांचा समज असा होता की बायकोला पार्किंग लॉटचं दृश्य आवडतं. हॉलमध्ये भिंतीवर थर्मोस्टॅट, त्यावर आमच्या कंपनीतला पारदर्शक प्लास्टिकचा डबा आणि डब्याला कुलूप. हॉटेलांत आणि शाळांत असे डबे असतात. घरात मी तो पहिल्यांदाच पाहिला. किल्ली सरांच्या गाडीच्या किल्लीबरोबर असायची.

मी सामान लावत होते तेव्हा सर खोली तपासायला आले. थर्मामीटर धरला आणि त्यांचा चेहरा पडला. पंचवीस. त्यांनी खुर्चीवर चढून छताजवळची एसीची ग्रिल उघडली. मागे जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा ब्राऊन टेपने चिकटवलेला. टेप इतकी बेमालूम लावली होती की रागावण्याआधी त्यांनी तिच्यावरून कौतुकाने बोट फिरवलं.

"आवाज होत असेल," ते म्हणाले. "पोरीला अभ्यासात आवाज चालत नाही. मला सांगितलं असतं तर डक्टला लायनिंग करून दिलं असतं." त्यांनी पुठ्ठा ओढून काढला. थंड हवेचा झोत थेट माझ्या डोक्यावर आला. "घे. आता तुझी खोलीही अठरा." ते इतक्या आनंदाने म्हणाले की मी थँक्यू म्हटलं आणि त्याच संध्याकाळी जाऊन कानटोपी विकत घेतली. शारजात जुलैमध्ये कानटोपी शोधायला निघालेली मी बहुधा एकटीच असेन.

त्या खोलीत माझ्याआधीपासूनचा एक भाडेकरू होता. अभ्यासाच्या टेबलावर काचेची पेटी, पेटीत वाळू, एक उलटी ठेवलेली मातीची कुंडी आणि कुंडीखाली पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली, वीतभर लांबीची पाल. लेपर्ड गेको. मुलीच्या वर्गातल्या मैत्रिणीचं कुटुंब कॅनडाला गेलं, जाताना मैत्रीण तो हिला देऊन गेली. पेटी घरात आली तेव्हा काकू "पाल, पाल" म्हणत बाल्कनीत पळाल्या. मुलगी तिथेच वाढलेली, घरी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी. "पॉल? नाइस नेम," ती म्हणाली आणि तेच नाव पडलं.

एअरपोर्टवर तिने वडलांना एवढंच सांगितलं, "टेक केअर ऑफ पॉल, बाबा."

"हॉस्टेलला एसी नाही म्हणतात," सर म्हणाले. "उकडलं तर सांग."

बापलेकीचा निरोप तेवढाच, असं काकू मला नंतर सांगत होत्या.  घरी येताना गाडीत फक्त एकदा सरांनी एसीचा पंखा एकने कमी केला, मग परत वाढवला.

मुलगी गेली आणि पॉलने जेवण सोडलं.

त्याचं जेवण म्हणजे जिवंत रातकिडे. पेट शॉपमधून डबीत मिळत. सर संध्याकाळी ऑफिसातून आले की टाय सोडायच्या आधी चिमट्याने रातकिडे पेटीत सोडत आणि खुर्ची ओढून बसत. पॉल कुंडीखालून तोंड बाहेर काढून बघायचा. रातकिडे त्याच्याकडे बघायचे. मग दोघेही जागच्या जागी बसून राहायचे. ना हा उठायचा, ना ते पळायचे. एकदा डबी उघडताना काही रातकिडे निसटले. ते घरातून चालत चालत बाल्कनीत गेले आणि तिथे रात्रंदिवस मजेत गात राहिले.

"बघ," सर म्हणाले, "तिकडे गेले की ओरडतात. इथे कसे शांत बसतात. हवा चांगली असली की जनावर शांत होतं."

शेपटी बारीक व्हायला लागली तेव्हा मात्र त्यांची झोप उडाली. या जातीची चरबी शेपटीत साठते. आला तेव्हा भोपळी मिरचीसारखी असलेली शेपटी आता लवंगी मिरचीवर आली होती. सरांनी रातकिडे बदलले, अळ्या आणल्या, पाण्याची वाटी बदलली, वाळू चाळून दिली. काकू पालीच्या नावाने अंग चोरणाऱ्या, पण लेकीची ठेव म्हणून रोज पेटीजवळ उभं राहायला लागल्या. एका संध्याकाळी मीठ-मोहऱ्या घेऊन त्यांनी पॉलची दृष्टही काढली.  सरांनी नंतर हळूच मला विचारलं, "याने काही होत असेल का गं?"

दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, पुण्याला फोन व्हायचा. सर स्पीकर चालू करून समोर बसत आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "किती आहे तिकडे?"

"ट्वेन्टी-सिक्स, बाबा."

"जास्त आहे."

"इट्स नाइस. इज पॉल ईटिंग?"

"खातोय की. भरपूर खातोय."

हे ते थर्मोस्टॅटकडे बघत बोलायचे. डिसेंबरच्या सुट्टीत मुलगी येणार होती आणि तोवर पॉल राहतो की नाही, हा प्रश्न घरात कुणी तोंडाने विचारत नव्हतं.

शेवटी आम्ही डॉक्टरकडे निघालो. दुबईला एक प्राण्यांचा दवाखाना होता, मुख्यतः ससाण्यांचा. काकूंनी पॉलसाठी प्लास्टिकच्या डब्याला भोकं पाडून आत पेपर नॅपकिन घातला. सरांनी तो डबा गाडीच्या एसीच्या अगदी समोर, डॅशबोर्डवर ठेवला आणि एसी पूर्ण सोडला. "आजारी आहे, उकडायला नको."

दवाखान्यात रांगेने ससाणे बसले होते, प्रत्येकाच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी. आमच्या शेजारी एक वयस्कर अरब गृहस्थ होते, मनगटावर त्यांचा पक्षी. जुन्या पिढीतले, मुंबईशी व्यापार केलेले असावेत, हिंदी आमच्यापेक्षा सराईत. त्यांनी डब्याकडे बघून विचारलं, "क्या है इसमें?"

सर जरा थांबले. "छिपकली."

गृहस्थांनी पक्ष्याला अलगद दुसऱ्या हातावर घेतलं. "क्या हुआ?"

"खाती नहीं."

"मेरा भी नहीं खाता," ते म्हणाले आणि मोठा उसासा सोडला. मग दोघं बराच वेळ शेजारी शेजारी बसून राहिले, बारावीच्या निकालाची वाट बघणाऱ्या पालकांसारखे. गृहस्थांनी विचारलं, "आपकी है?" सर म्हणाले, "बेटी की. बेटी पूना में है." गृहस्थांनी मान हलवली. त्यांचा नंबर आला तेव्हा उठताना सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इन्शाल्ला खाएगी, हबीबी."

डॉक्टर उंच, गोरी, कमी बोलणारी बाई होती. पॉल दगडासारखा ताठ झाला होता. तिने त्याला दोन्ही तळव्यांत धरलं आणि ती नुसती बसून राहिली. बराच वेळ झाल्यावर पॉलने डोळे उघडले, जिभेने स्वतःचाच डोळा चाटला. सर थक्क होऊन बघत होते. तिने आधी सांगितलं की पॉल मादी आहे. मग विचारलं, घरात तापमान किती असतं?

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सरांना योग्य प्रश्न विचारला होता. त्यांनी खिशातून थर्मामीटर काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "एटीन. कॉन्स्टंट. प्लस-मायनस हाफ."

"पेंग्विनसाठी उत्तम आहे," ती इंग्रजीत म्हणाली. मग तिने समजावलं. या जिवाला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही. बाहेरून मिळाली तर पोट चालतं, नाहीतर भूकच लागत नाही. तिला औषध काही नको, पोटाखाली ऊब हवी. बत्तीसच्या आसपास. आणि लवकर.

"बत्तीस," सर म्हणाले. हा शब्द ते आमच्या कंपनीत तक्रारीच्या फोनवरच ऐकत आले होते.

परतताना त्यांनी गाडीचा एसी बंद केला नाही, पण डबा तिथून उचलून माझ्या मांडीवर दिला. कितीतरी वेळाने म्हणाले, "तिचा दवाखाना किती होता पाहिलंस? चोवीस. चोवीसमध्ये बसून मला शिकवते." आणि शारजाचा पहिला सिग्नल आला तेव्हा, "आधी कसा खात होता मग? पोरगी असताना?"

 ते स्वतःच म्हणाले, "पुठ्ठा."

"परत लावू या का, सर?"

"मी? माझ्या ग्रिलला पुठ्ठा?" ते म्हणाले. "काहून? मी काय कारपेंटर आहे?"

त्यांनी टेबल लॅम्प आणला आणि पेटीवर लावला. दिव्याने काच जेमतेम कोमट व्हायची, तोवर वरून झोत यायचा आणि ऊब घेऊन जायचा. मोठा बल्ब लावला. तेच झालं. सर थर्मामीटर पेटीत धरून बसत आणि आकडा हलत नाही म्हणून हताश होत, पण मधूनच त्यांच्या तोंडून निघून जायचं, "माझ्या डक्टपुढे बल्ब टिकणारच नाही. डिझाइनच तसं आहे." दुःख आणि अभिमान एकाच वाक्यात असलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पुढचा शुक्रवार उजाडला. काकू पेटीत बघून म्हणाल्या, "अहो, ही आता डोळेही उघडत नाही."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. गाडीच्या किल्ल्या घेतल्या. मला वाटलं, परत दवाखान्यात निघाले. ते हॉलमध्ये गेले, डब्याचं कुलूप काढलं आणि एसी बंद केला. एका खोलीचा नव्हे, सगळ्या घराचा.

त्या घराला एक सतत घुरघुर होती, ती थांबली तेव्हाच ती होती हे मला कळलं. खाली पार्किंगमध्ये मुलं क्रिकेट खेळत होती ते ऐकू आलं. शेजारच्या कुकरची शिट्टी आली. दुपारच्या नमाजाची अजान इतकी जवळून आली की मशीद कोपऱ्यावरच आहे हे मला तेव्हा समजलं. हळूहळू तूप वितळलं. काकूंनी स्कार्फ काढला, मग मोजे, मग स्वेटर. त्यांच्या साडीचा काठ मी तोवर कधी पाहिला नव्हता. चिंतामणी रंगाची साडी होती, छान दिसत होती.

आम्ही तिघं माझ्या खोलीत पेटीसमोर बसलो. सर बनियनवर, घामाने निथळत, पाय थंड पाण्याच्या बादलीत. थर्मामीटर पेटीत. तीसच्या पुढे आकडा गेला तसे ते बोलायला लागले. अकोल्याचा मॅट्रिकचा अभ्यास त्यांनी असाच बादलीत पाय सोडून केला होता, दारावर ओलं गोणपाट टांगून. त्यांची धाकटी बहीण उन्हाळ्यात गेली. उष्माघात. गावात बर्फ मिळाला नाही, ते सायकलवर स्टेशनपर्यंत गेले होते आणि परतेपर्यंत आणलेल्या बर्फाचं पाणी झालं होतं. हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. काकू पदराने त्यांना वारा घालत राहिल्या. त्यांना हे ठाऊक असावं. मला मात्र त्या घरातलं कुलूप तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग पेटीत खडखड झाली. रातकिडे जागे झाले होते. एक वाळूवरून उडी मारून काचेवर आपटला. पॉलने डोळे उघडले. मान हळूच त्या बाजूला वळवली. तिच्या बारीक शेपटीचं टोक थरथरायला लागलं, मांजराचं थरथरतं तसं. सरांनी बादलीतला पायही हलू दिला नाही. आणि एकदम झडप.

"खलास," सर कुजबुजले.

दुसरा रातकिडा गेला, तिसराही. "हळू खा बाप्पा," सर म्हणत होते, "कुणी घेत नाही तुझं." घाम डोळ्यांत जात होता, ते पुसत होते आणि परत परत पुसत होते. काकू म्हणाल्या, "खूप उकडतंय ना," आणि सर म्हणाले, "हो."

संध्याकाळी पुण्याचा फोन लागला. स्पीकर नेहमीसारखा चालू होता. सरांनी त्या दिवशी तिकडे किती आहे ते विचारलं नाही.

"तू ग्रिलला पुठ्ठा लावला होतास?"

 "सॉरी, बाबा."

"पॉलसाठी लावलास ना? मला सांगायचं. जनावराला ऊब लागते, मी ऐकलं असतं."

"पॉल केम लेटर, बाबा," मुलगी म्हणाली. "आय डिड इट इन नाइन्थ. आय वॉज ऑल्वेज कोल्ड."

सर फोनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अच्छा. घे, आईशी बोल." आणि उठून बाल्कनीत गेले. तिथे उन्हाने तापलेल्या खुर्चीवर, काकूंच्या वर्तमानपत्राच्या ढिगाशेजारी, ते बराच वेळ बसून होते. आत आल्यावर त्यांनी थर्मोस्टॅटचा काटा फिरवला आणि डब्याला परत कुलूप लावलं. किती केला ते सांगितलं नाही. पण काकूंनी स्वेटर परत घातला नाही.

डिसेंबरात मुलगी आली. सवयीने जाड जॅकेट घालूनच घरात शिरली, आधी पॉलकडे धावली, बल्बच्या उबेत पुन्हा जाड झालेली शेपटी बघून खूश झाली. मग हॉलमध्ये येऊन थबकली. जॅकेटची चेन उघडली. हात हवेत फिरवला, अगदी वडलांसारखा.

"बाबा, व्हॉट हॅपन्ड टू द एसी?"

"थर्मोस्टॅट बिघडलाय," सर म्हणाले. "चोवीसच्या खाली जातच नाही. पार्ट जर्मनीहून यायचाय."

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. आमच्या स्टोअरमध्ये एक पूर्ण रॅक थर्मोस्टॅटच्या खोक्यांनी भरलेला होता, त्याची यादी मीच टाइप केली होती. शहरातला सर्वांत नावाजलेला एसीवाला, स्वतःच्या घरचा एसी आपल्याला दुरुस्त होत नाही असं लेकीला तोंडावर सांगत होता. काकू कपात बघत होत्या. मुलीने त्या कुलपाकडे पाहिलं, मग वडलांकडे.

"ओके, बाबा," ती म्हणाली आणि जॅकेट काढून सोफ्यावर टाकलं.

ही बातमी कशी कोण जाणे, ऑफिसात पोचली. एका मेकॅनिकने आपुलकीने विचारलं, "साब, मैं घर आके देख लूँ?" त्याला सर असे ओरडले की तो पुन्हा त्या विषयाकडे फिरकला नाही.

पुढे माझं लग्न ठरलं आणि मी ते घर सोडलं. मुलगी तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. शेवटच्या शुक्रवारी मी सामान बांधत होते आणि हॉलमधून सरांचा आवाज येत होता.

"नाही आला गं अजून पार्ट. मी मागे लागलोय त्यांच्या."

"नो हरी, बाबा," स्पीकरवरून मुलगी म्हणाली.